एकोणनव्वद ठेव्यांची पंगत

टोकियोच्या उएनो बागेतल्या राष्ट्रीय संग्रहालयाला २०२२ मध्ये दीडशे वर्षं झाली. आपल्या भाषेत शतकोत्तर सुवर्णमहोत्सव. त्यासाठी भरवलेल्या मुख्य प्रदर्शनाच्या नावातच संग्रहालयाने एक शब्द असा घातला की तो निभावताना पुढचे दोन महिने त्यांचीही धावपळ झाली आणि प्रेक्षकांचीही. तो शब्द 'सुबेते', म्हणजे 'सगळं'. 'कोकुहो: टोकियो राष्ट्रीय संग्रहालयाचं सगळं काही' असा त्या नावाचा अर्थ. कोकुहो म्हणजे राष्ट्रीय ठेवा. जपानमध्ये हा कायद्याने दिलेला दर्जा आहे, कौतुकाने लावलेलं विशेषण नव्हे.

तेव्हा जपानभरात हा दर्जा मिळालेल्या कला आणि हस्तकलेच्या वस्तू ९०२ होत्या. त्यांपैकी ८९ एकट्या या संग्रहालयाच्या मालकीच्या, म्हणजे जवळपास दहा टक्के. एकूण संग्रह सुमारे १,२०,००० वस्तूंचा. या ८९ वस्तू एकाच प्रदर्शनात, एकही न वगळता, दीडशे वर्षांत कधी मांडल्या गेल्या नव्हत्या. तारखा ठरल्या १८ ऑक्टोबर ते ११ डिसेंबर. जागा हेइसेइकान, म्हणजे आवारातली १९९९ ची इमारत, जिथे मोठी खास प्रदर्शनं भरतात.

आणि तरीही ज्या दिवशी गेलं असता सगळे ८९ ठेवे एकदम दिसले असते, असा एकही दिवस त्या प्रदर्शनात नव्हता.

ही फसवणूक नव्हती. वेळापत्रक आधीच छापलेलं होतं. पण 'सगळं' या शब्दाचं नेमकं काय केलं गेलं, हे उलगडून पाहण्यासारखं आहे. वर्धापनाच्या प्रदर्शनांना जो पेच बहुतेक ठिकाणी पडतो, तो इथे एकदम उघड्यावर आला.

पैठणीचा नियम

जुनी पैठणी ज्या घरात आहे, तिथे तिचे नियम कुणाला शिकवावे लागत नाहीत. मलमलच्या फडक्यात गुंडाळायची. वर्षातून एकदा-दोनदा काढायची, ऊन टाळून वाऱ्यावर धरायची, आणि परत ठेवताना घडी मोडून वेगळी घालायची; नाहीतर रेशीम घडीवरच विरतं आणि जरीची रेघ कापावी तशी तुटते. लग्नात एकदा नेसली की पुन्हा चार-सहा महिने तिचं नाव काढायचं नाही.

पूर्व आशियातली जुनी चित्रं नेमकी याच मालाची आहेत: रेशीम, कागद, शाई, वनस्पतींचे आणि खनिजांचे रंग, चिकटवायला सरस. टांगत्या पटाला खाली एक काठी असते, तिच्यावर तो गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात. दर वेळी उलगडताना आणि गुंडाळताना रंगाच्या थराला सूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि वर्षानुवर्षांनी तिथून रंगाचे कण निसटायला लागतात. प्रकाशाचा हिशेब तर आणखी कडक. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, विश्रांतीने भरून येत नाही. पेटीत ठेवलं म्हणजे चित्र बरं होतं असं नाही. फक्त पुढचं नुकसान थांबतं.

म्हणून जपानच्या सांस्कृतिक खात्याने राष्ट्रीय ठेव्यांसाठी ढोबळ मर्यादा घालून दिल्या आहेत. वर्षातून जास्तीत जास्त दोनदा बाहेर काढायचं. दोन्ही मिळून ६० दिवसांच्या आत. रंग उडण्याची भीती जास्त असेल तर ३० दिवसांच्या आत. प्रकाश १५० लक्सपेक्षा कमी (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचं माप). दगड-धातूसारख्या टणक वस्तूंना यात बरीच सवलत आहे.

हे आकडे कागदावर कोरडे वाटतात, म्हणून एक साधा गुणाकार करून पाहिला. १५० लक्स, रोज ८ तास, ६० दिवस: एकूण ७२,००० लक्स-तास. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात. म्हणजे एका चित्राला वर्षभरात जेवढा उजेड सोसायची परवानगी आहे, तेवढा ते अंगणात ठेवलं तर पाऊण तासात संपेल. नाजूक चित्राचा कोटा वीस-बावीस मिनिटांचा.

प्रदर्शन कॅलेंडरवर ५५ दिवसांचं ठरलं होतं. मग ३० दिवसांची मर्यादा असलेलं चित्र सगळा काळ भिंतीवर राहणं शक्यच नव्हतं. पुन्हा ही चित्रं वर्षभरात दुसरीकडेही लागतात. मुख्य इमारतीत राष्ट्रीय ठेव्यांसाठी एक खास दालन आहे, तिथे एकेक करून ती येत असतात. ऑक्टोबर उजाडेपर्यंत कुणाकुणाचा वर्षाचा कोटा आधीच थोडा खर्ची पडलेला.

या नियमांमागचा आजचा कायदा १९५० चा, आणि त्याला कारण झाली एक आग. नारा भागातल्या होर्यूजी मंदिराच्या सुवर्णमंडपात सातव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रं होती. त्यांची तुलना नेहमी अजिंठ्याशी व्हायची. २६ जानेवारी १९४९ ला मंडपाला आग लागली आणि ती चित्रं होरपळून गेली, तीही चित्रकारांचं पथक त्यांच्या नकला करण्याचं काम करत होतं त्या काळात. त्या पथकात आधी काम केलेले आराइ कान्पो १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याला येऊन तिथल्या चित्रांच्या नकला करून गेले होते. त्यांना ही आग पाहावी लागली नाही. ते १९४५ मध्येच वारले. आपण २६ जानेवारीला झेंडावंदन करतो, जपानमध्ये त्याच तारखेला देवळांतून आग विझवण्याच्या कवायती होतात.

पंगती कशा लागल्या

८९ ठेव्यांचा ताळेबंद असा: जपानी चित्रं २१, जपानी सुलेखन १४, चिनी चित्रं ४, चिनी सुलेखन १०, होर्यूजीचा खजिना ११, उत्खननातल्या वस्तू ६, लाखकाम ४, तलवारी १९. म्हणजे निम्म्याहून जास्त वस्तू कागद-रेशमाच्या.

संग्रहालयापुढे मार्ग किती होते? सगळ्या मोसमांत विभागून वर्षभराचं प्रदर्शन करता आलं असतं. पण मग ते रोजच्यासारखंच झालं असतं, कारण तिथे वर्षभर चित्रं बदलतच असतात. नाजूक चित्रांच्या जागी प्रतिकृती लावता आल्या असत्या. जपानमध्ये डिजिटल छपाई, सोन्याचा वर्ख आणि हातकाम मिळून इतक्या अचूक प्रतिकृती होतात की दोन हातांवरूनही फरक कळत नाही. पण दीडशेव्या वाढदिवसाला बोलावून प्रतिकृती दाखवायची, हे कुणाला पटलं असतं? तिसरा मार्ग आपल्या लग्नघरांतला. जागा कमी, माणसं जास्त, मग पंगती लावायच्या. पहिली उठली की पानं उचलून दुसरी. जेवण सगळ्यांचं होतं, पण सगळे एकत्र जेवत नाहीत.

संग्रहालयाने पंगती लावल्या. कुणाला दोन आठवडे, कुणाला चार, कुणाला पूर्ण मुदत.

सगळ्यांत मोठा मान असलेल्या पाहुण्याला पहिल्याच पंगतीत बसवून लवकर उठवलं. हासेगावा तोहाकू या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं 'शोरिन-झु', म्हणजे पाइनचं बन. सहा-सहा घड्यांच्या दोन पडद्यांवर नुसत्या काळ्या शाईत काढलेली धुक्यातली झाडं. जवळून पाहिलं तर झाडूच्या फटकाऱ्यांसारख्या रेघा, दहा पावलं मागे सरकलं की पहाट. चित्रातली निम्म्याहून अधिक जागा कोरी आहे. कागद काही फार उंची प्रतीचा नाही, आणि त्याचे जोड नीट जुळत नाहीत. म्हणून अभ्यासकांना शंका येते की हा कुठल्यातरी मोठ्या कामाचा कच्चा आराखडा असावा, जो पुढे कुणीतरी पडद्यावर चढवला. जपानी लोकांना विचारलं तर कित्येक जण हेच आपलं सर्वांत लाडकं चित्र म्हणून सांगतील. ते लागलं १८ ऑक्टोबरला आणि ३० ऑक्टोबरला उतरवलं. तेरा दिवस.

ज्याने दिवाळीनंतर निवांत जाऊ असं ठरवलं असेल, त्याच्या वाट्याला पाइनचं बन आलं नाही. जपानने परदेशी पर्यटकांना सुटं, स्वतंत्रपणे यायला पुन्हा मुभा दिली ती ११ ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे प्रदर्शन उघडायच्या आठवडाभर आधी. व्हिसा हातात पडून मुंबई-पुण्याचं कुणी तिथे पोहोचेपर्यंत पहिली पंगत उठलेली असणार.

यात नुकसान कुणाचं झालं? माझं मत असं की पाइनच्या बनाचा विरह हे नुकसान धरूच नये. ते बहुधा दर नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या नेहमीच्या दालनात दिसतं, फारशा गर्दीविना. खरं नुकसान दुसरं: दोन चित्रं शेजारी-शेजारी पाहण्याचं. कानो एइतोकूचा सायप्रस वृक्षाचा पडदा सोन्याच्या जमिनीवर खोड पिळवटून असा अंगावर येतो की तोहाकूचं धुकं त्याच्यासमोर एखाद्या उत्तरासारखं वाटतं. दोघे समकालीन, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. एइतोकूचं चित्र मुळात सरकत्या दारांवर होतं. दाराचे कडे जिथे होते तिथले डाग नीट शोधले तर अजून सापडतात, आणि पडद्यावर चढवताना दारांच्या चौकटीचा भाग गेल्यामुळे फांद्या जोडावर थोड्या चुकतात. अलीकडच्या दुरुस्तीत आठ घड्यांच्या या एका पडद्याचे चार-चार घड्यांचे दोन केले, आणि ती चुकामूक बरीच सावरली. ही असली गोष्ट शेजारी-शेजारी उभं राहूनच कळते. 'सगळं' दाखवण्याचा खरा फायदा तुलनेत असतो, आणि पंगत पद्धतीत पहिला बळी तुलनेचाच जातो.

मराठी वाचकाला ओळखीची वाटावी अशी एक देवता या ८९ मध्ये आहे: बाराव्या शतकातलं रेशमावरचं चित्र 'कुजाकू म्योओ'. पिसारा फुलवलेल्या मोरावर बसलेली चार हातांची देवता, वस्त्रांवर केसाएवढ्या बारीक कापलेल्या सोन्याच्या पट्ट्या चिकटवून केलेली नक्षी. ही आपली महामायूरी. वेरूळच्या सहाव्या लेण्यात ती दगडात उभी आहे, मोरासकट, आणि कुठल्याही महिन्यात गेलं तरी भेटते. रेशमावरच्या तिच्या बहिणीला मात्र वर्षाकाठी काही दिवसच बाहेर येता येतं. चिनी चित्रांतही असा एक धागा निघतो. चौदाव्या शतकातल्या ज्या भिक्खू चित्रकाराचं 'हानशान आणि शिदे' हे छोटं शाईचं चित्र इथे आहे, त्याचं नाव जपानी उच्चारात 'इंदारा'. चिनी अक्षरांत लिहिलेला तो आपला इंद्र. तो भारतातून गेला होता अशी परंपरागत समजूत आहे.

एकोणीस तलवारी, उठायचं नाव नाही

लोखंडाला उजेडाचं भय नसतं. त्याचा वैरी दमट हवा. त्यामुळे तलवारींना पंगत नव्हती. सगळ्या एकोणीस जणी एका स्वतंत्र खोलीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. 'सगळं' हा शब्द अक्षरशः खरा झाला तो या खोलीत, आणि माझ्या दृष्टीने हा आराखड्यातला सगळ्यांत हुशार निर्णय. तुम्ही कुठल्याही दिवशी या, निदान एका जातीचा संपूर्ण संच तुम्हाला मिळणार, याची ती हमी होती. शिवाय गेल्या काही वर्षांत एका व्हिडिओ गेममुळे जपानमध्ये तरुण मुलींना जुन्या तलवारींचं अफाट वेड लागलं आहे. संग्रहालयाला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल.

तलवार दाखवायची पद्धत चित्राच्या अगदी उलटी. मूठ काढून नुसतं पातं. एरवी गंज लागू नये म्हणून लावलेलं लवंगेच्या तेलाचं बोट प्रदर्शनाआधी पुसून घेतात. उजेड मंद ठेवून चालत नाही. तो एका बिंदूतून, नेमक्या कोनातून यावा लागतो, नाहीतर पात्यावरची पाण्याच्या लाटेसारखी खूण दिसतच नाही. 'मिकाझुकी मुनेचिका' या सुमारे ८० सेंटिमीटरच्या पात्याच्या नावातली मिकाझुकी म्हणजे तृतीयेची चंद्रकोर. धारेलगत पांढरट लाटेच्या वर बारीक कोरींचे आकार आहेत. ते एका जागी उभं राहून दिसत नाहीत. माणूस गुडघे वाकवतो, मान तिरकी करतो, अर्धं पाऊल डावीकडे सरकतो, आणि अचानक एक कोर उजळते, लगेच विझते. काचेपुढे सगळी रांगच अशी खालीवर होत असते. शेजारीच 'दोजिगिरी यासुत्सुना'. एका राक्षसाला मारलं अशी तिची ख्याती. आपल्याकडच्या भवानी तलवारीसारखं या पात्यांनाही व्यक्तिमत्त्व असतं, मालकांची वंशावळ असते.

तिकीट

तिकीट २,००० येन, तेव्हाच्या भावाने अकराशे-बाराशे रुपये. तारीख आणि वेळ आधी ठरवून घ्यायचं. करोनानंतर रुळलेली पद्धत. तिकिटं भराभर संपली आणि मिळेनाशी झाल्यावर मुदत एका आठवड्याने, १८ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली.

इथे मला एक तक्रार आहे. पंगती लावल्या म्हणजे भक्ताला दोनदा-तीनदा यावं लागणार. तो प्रत्येक वेळी वेगळं तिकीट काढणार, म्हणजे वेगळा स्लॉट अडवणार. ज्याला एकदाच यायचं आहे त्याच्यासाठी तेवढ्या जागा कमी. 'एकही न वगळता' हे आकर्षण आणि 'आगाऊ वेळ घ्या' हा नियम एकमेकांच्या पायात येत होते. वेळ ठरवून सोडल्याने आतली चेंगराचेंगरी टळली हे खरं. पण गर्दी गेली कुठेच नाही, ती दारावरून उठून तिकिटाच्या संकेतस्थळावर जाऊन उभी राहिली.

दुसरं दालन आणि पहिली गर्दी

प्रदर्शनाचे दोन भाग होते. पहिला ठेव्यांचा, दुसरा संग्रहालयाच्या स्वतःच्या दीडशे वर्षांचा. वर्धापन म्हणून पाहिलं तर दुसरा भाग जास्त अस्सल होता.

कारण मुळात हे संग्रहालय जन्मलं तेच एका प्रदर्शनातून. मेइजी सरकारला, म्हणजे १८६८ नंतरच्या जपानच्या नव्या राजवटीला, १८७३ च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनाला जायचं होतं. त्याच्या तयारीत देशभरातून वस्तू जमवल्या होत्या. त्या १८७२ मध्ये टोकियोच्या युशिमा सेइदो या कन्फ्यूशियसच्या मंदिरात मांडल्या. जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याची दहावी तारीख. आकर्षण होतं नागोया किल्ल्याच्या छपरावरून उतरवलेला सोन्याचा 'शाचिहोको': तोंड वाघाचं, अंग माशाचं, आपल्या मकराचा लांबचा भाऊ म्हणावा असा. छपरावर एरवी तो ठिपक्याएवढा दिसायचा. इथे काचेच्या पेटीत माणसांच्या उंचीवर. त्या पेटीभोवती ऐटीत बसलेल्या अधिकाऱ्यांचं छायाचित्र आजही आहे. प्रदर्शन वीस दिवसांचं ठरलं होतं. लोटलेली गर्दी पाहून आत सोडण्यावर मर्यादा घालावी लागली आणि मुदत चौथ्या महिन्याच्या अखेरपर्यंत वाढवली. सुमारे दीड लाख माणसं येऊन गेली, रोजची सरासरी तीन हजार.

मर्यादित प्रवेश, वाढवलेली मुदत. दीडशे वर्षांनी हुबेहूब तेच झालं.

तो शाचिहोको पुढे किल्ल्यावर परत चढला आणि मे १९४५ च्या बॉम्बफेकीत किल्ल्यासकट जळाला. २०२२ मध्ये दुसऱ्या भागात त्याची मूळ आकाराची प्रतिकृती ठेवली होती. म्हणजे पहिल्या भागात जिची जागाच नव्हती ती प्रतिकृती इथे न्याय्य ठरली, कारण मूळ वस्तू उरलेली नाही आणि ते लपवलेलंही नाही.

याच दालनात एक जिराफ होता. भुसा भरलेला, खराखुरा. नाव फान्जी. १९०७ मध्ये जपानात जिवंत आलेल्या पहिल्या जिराफांपैकी एक. उएनोचं प्राणिसंग्रहालय तेव्हा या संग्रहालयाचाच भाग होतं आणि निसर्गविज्ञानाचा विभागही. १९२३ च्या भूकंपात जुनी इमारत मोडल्यावर निसर्गविज्ञानाच्या वस्तू दुसऱ्या संग्रहालयाकडे दिल्या गेल्या, त्यांबरोबर फान्जीही. जवळपास शंभर वर्षांनी तो पाहुणा म्हणून माहेरी आला. बुद्धमूर्ती आणि सुलेखनाच्या सोबतीला जिराफ बघून कुणी हसलं असेल तर ते बरोबरच, पण 'कलेचं संग्रहालय' ही आजची ओळख किती उशिराची आहे हे सांगायला याहून नेटका पुरावा नव्हता.

होर्यूजीच्या खजिन्याचीही गोष्ट इथेच बसते. मेइजी क्रांतीनंतर बौद्ध मंदिरांवर वाईट दिवस आले, उत्पन्न आटलं. १८७८ मध्ये होर्यूजीने तीनशेहून अधिक वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या आणि बदल्यात १०,००० येन मिळाले. त्या पैशांवर मंदिर तगलं. वस्तू फिरत-फिरत या संग्रहालयाकडे आल्या. ८९ मधल्या ११ त्यांतल्याच. उत्सवाच्या झगमगाटात ही बाजू दबते. संग्रह वाढला, कारण कुणाची तरी अडचण होती.

तेच वर्ष, भायखळा

युशिमाची ती तिथी आजच्या कॅलेंडरवर १७ एप्रिल १८७२ ला येते. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २ मे १८७२ ला, मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक संग्रहालय लोकांना खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट; १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्या दिवशी युशिमातली गर्दी अजून ओसरलेली नव्हती. दोन्हींच्या मुळाशी एकाच युगाची हवा: जागतिक प्रदर्शनांची, कारागिरीच्या नमुन्यांची, शेजारी प्राणी आणि बाग असण्याची.

आणि २०२२ मध्येच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाची शंभरी होती. ते १० जानेवारी १९२२ ला उघडलं, पण इमारत १९१४ मध्येच झालेली आणि मधल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. तिथल्या चिनी-जपानी दालनाची पाळंमुळं सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांत आहेत. पूर्व आशियाची कला पाहायला मराठी माणसाला टोकियोलाच जावं लागतं असं नाही; काळा घोड्याच्या सिग्नलपासून दोन मिनिटं चालावं लागतं. तिथल्या चिनी मातीच्या भांड्यांना उजेडाचा कोटा नसतो, हे आणखी एक सुख.

विजेचं बिल

प्रदर्शन संपलं, चित्रं पेट्यांत गेली. पेट्या जिथे ठेवतात तिथलं तापमान आणि दमटपणा चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस ठराविक राखावा लागतो. पाहुणे असोत नसोत, हवा चालूच.

जानेवारी २०२३ मध्ये संग्रहालयाचे संचालक फुजिवारा माकोतो यांनी एका मासिकात लेख लिहून जाहीरपणे सांगितलं की असंच चाललं तर राष्ट्रीय ठेवे सांभाळता येणार नाहीत. वीज आणि इंधनासाठी वर्षाला सुमारे २० कोटी येनची तरतूद, आणि युक्रेन युद्धानंतर भडकलेल्या दरांमुळे खर्च ४५ कोटींच्या घरात. सरकारकडे वाढीव पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. तिकिटं मिळत नाहीत अशी ओरड ज्या प्रदर्शनाबद्दल झाली, ते उतरून महिनाही झाला नव्हता.

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो. वर्धापनाला पैसा येतो, वृत्तपत्रं आणि वाहिन्या पाठीशी उभ्या राहतात, कारण दाखवण्यासारखं काही असतं. भांडाराच्या वातानुकूलनाला वर्धापन नसतं. जेवण वाढायला सगळे धावतात. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला आचारी एकटाच. ज्या संस्थेने जिराफ उसना दिला होता, त्या राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयाने तर ऑगस्ट २०२३ मध्ये लोकांपुढे थेट हात पसरला. १० कोटी येन मागितले होते, ते पहिल्याच दिवशी जमले, आणि मुदत संपेपर्यंत ९० कोटींहून अधिक. फान्जीची सोय लोकांनी केली.

फुजिवारांचा लेख छापून आला तेव्हा त्यांच्याच आवारात, १९०९ च्या ह्योकेइकान या हिरव्या घुमटांच्या इमारतीत, वर्धापनाचं आणखी एक छोटं प्रदर्शन चालू होतं: 'दीडशे वर्षांनंतरचे राष्ट्रीय ठेवे'. सामान्य माणसांनी आणि कंपन्यांनी आजच्या रोजच्या वस्तू सुचवायच्या, ज्या इसवी सन २१७२ मध्ये ठेवा ठरतील. २ नोव्हेंबरला सुरू झालेलं ते प्रदर्शन २९ जानेवारीला उतरलं.